सिस्टरच्या गाडीचं दार

सिस्टरच्या ओसरीवर पाहुण्याला बसायला खुर्ची नव्हती, गाडीचं सीट होतं. दोन फळ्यांवर ठोकलेलं, कडेला रेग्झिन उसवलेलं, मागे रेलायचा खटका अजून शाबूत असलेलं. नवखा माणूस टेकला आणि चुकून त्याचा हात खटक्यावर पडला की तो एकदम आडवा व्हायचा. मग आतून आवाज यायचा, "झोपा, झोपा. काई घाई न्हाई."

ते सीट त्यांच्याच गाडीचं, ड्रायव्हरशेजारचं. त्यांनी काढून टाकलं होतं. त्या जागेपासून मागच्या सीटपर्यंत फळी टाकून गादी अंथरलेली असायची. बाळंतीण व्हायला निघालेल्या बाईला पाय लांब करून पडता यावं म्हणून. गाडी लहानगी, निळी, जुनी. बीडजवळच्या आमच्या चौसाळ्यात दुरून तो निळा ठिपका दिसला की लोक म्हणायचे, सिस्टर निघाल्या, कुणाच्या तरी घरी पाळणा हलणार.

त्या सरकारी नर्स होत्या. मी आलो तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव 'सिस्टर' तेच राहिलं. लहान पोरांपासून सरपंचापर्यंत सगळे सिस्टर म्हणायचे. लग्न केलं नव्हतं. का, हे गावात कुणी विचारत नव्हतं आणि मला विचारायची छाती नव्हती. त्या गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. मी अजून त्याच खोलीत राहतो. लिहायची मला सवय नाही, सातवीतच शाळा सुटली. पण त्यांच्याबद्दल लोक हल्ली फक्त "लई चांगल्या व्हत्या" एवढंच बोलतात, आणि त्या एवढ्याच नव्हत्या.

मी भंडाऱ्याकडचा. धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, उठून रस्त्याच्या कामावर आलो. चौपदरी रस्ता पुढं पुढं सरकत गेला, ठेकेदाराची माणसं त्याच्याबरोबर गेली, मी मात्र मांजरसुंब्याच्या फाट्यावर चाचांच्या दुकानात राहिलो. चाचा गाड्यांना रंग मारायचे, डेंट काढायचे. काम मिळालं, पण खोली मिळेना. ज्या दारात जावं तिथं पहिला प्रश्न, आडनाव काय? दुसरा, म्हणजे कोण? चौसाळ्यात सिस्टरच्या दारात उभा राहिलो तेव्हा मी दोन्ही उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "हाक मारली तर उठतोस का?"

"हो जी."

"फाटक जड हाय. उघडता येईल?"

"हो जी."

"हे जी जी काय लावलंय? कुठला तू?"

"भंडाऱ्याचा."

"मग राहा, भंडारा."

तेव्हापासून मी भंडारा. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

गाडी त्या कायम उलटी आत घ्यायच्या, तोंड रस्त्याकडं. चालवायच्या रस्त्याच्या बरोबर मधून, एका चालीनं, आणि मागून ट्रकवाल्यानं कितीही हॉर्न वाजवला तरी बाजूला व्हायच्या नाहीत. एकदा धाब्यापाशी एका ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं, "ओ मावशी, रस्ता तुमच्या बापाचा हाय का?" त्या म्हणाल्या, "न्हाई. पण माझ्या गाडीत मागं दोन जीव हायती, तुझ्या गाडीत कांदा हाय. आता सांग, कुणी थांबायचं?" ड्रायव्हर हसत गेला. खरं तर त्या दिवशी मागं कुणीच नव्हतं. आम्ही पेंड आणायला गेलो होतो.

गाडीला लिंबू-मिरची बांधू द्यायच्या नाहीत. कुणी काळी बाहुली अडकवली तर काढून शेजारच्या पोरीला खेळायला द्यायच्या. रडणाऱ्या माणसाला आधी तांब्या द्यायच्या, "पाणी पी, मग रड." आणि बाईला कळा लागल्यावर दारात येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्याच्या हातात भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप द्यायच्या. फोड म्हणायच्या. नवरे बिचारे शेंगा फोडत बसायचे. मला आधी ती चेष्टा वाटली. पण मी जन्माचा भित्रा माणूस. घरून फोन आला की उचलायच्या आधी बराच वेळ वाजू देतो. एकदा आई आजारी असल्याचा फोन आला आणि मी ओसरीवर नुसता बसून राहिलो, तेव्हा त्यांनी तेच सूप माझ्या मांडीवर ठेवलं. हात चालू राहिले की डोकं थोडं गप्प बसतं, हे मला तिथं कळलं. दाणे नंतर त्यांनीच कुटले आणि जेवताना म्हणाल्या, "तुझ्या काळजीची चटणी हाय. खा."

माझ्यासाठी त्या आठवड्यातून एकदा भात टाकायच्या. भाकरीच्या मुलखात त्या भाताच्या वासानं मला घर आठवायचं. त्या स्वतः खायच्या नाहीत. "हे तांदूळ पोटात बसतच न्हाईत, नुसते भेटून जातेत," म्हणायच्या.

मग तो ऊसतोडीचा हंगाम आला.

गावापासून आत एका वस्तीवर एक तरुण जोडपं राहायचं. तो ट्रॅक्टरवर, उसाच्या ट्रॉल्या ओढायचा. हंगामात दिवस दिवस घरी नसायचा. बायकोला पहिल्यांदाच दिवस गेलेले. एका सकाळी सासूनं निरोप पाठवला, पोरीला रक्त जातंय, आणि सरकारी गाडीचा पत्ता नाही. सिस्टर निघाल्या. मी दुकानावर गेलो होतो. गादीवर पोरगी, स्टिअरिंगवर सिस्टर, आणि मागून जीपनं सासू कपडे घेऊन येणार, असं ठरलं. बीडला पोचायच्या आधीच, मांजरसुंब्याच्या घाटात पोरगी गेली. पोटातलं पण गेलं.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा सिस्टर गादीचं कापड धूत होत्या. मी म्हटलं, मी धुतो. त्या म्हणाल्या, "न्हाई. तू कंदील पूस." घरात कंदील नव्हताच.

दहावं झालं, तेरावं झालं. त्यानंतरच्या एका सकाळी फाटक उघडायला गेलो तर गाडीचं ड्रायव्हरकडचं दार लाल दिसलं. स्प्रेनं लिहिलं होतं. मोठं, हँडलच्या वरपासून खालच्या कडेपर्यंत, ओघळ आलेलं. खुनी.

कुणी लिहिलं ते गावाला कळायला वेळ लागला नाही. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर नंबर टाकायला त्यानं आणलेल्या स्प्रेचा तोच लाल रंग होता. पण तोंडानं कुणी बोललं नाही. त्या माणसाचं दुःख एवढं होतं की त्याच्याकडं बोट करायला कुणाचा हात उठत नव्हता.

मला माझ्या कामातलं तेवढं कळत होतं. मी धावत आत गेलो. "सिस्टर, अजून ताजं आहे. साबणाचं पाणी, मऊ कापड, थोडं पॉलिश. आत्ता लावलं तर दुपारपर्यंत मागमूस राहणार नाही. उन्हानं भाजलं की मग चिकटून बसेल."

त्या चहा गाळत होत्या. बाहेर आल्या, दारासमोर उभ्या राहिल्या, वाचलं. मग म्हणाल्या, "राहू दे."

"सिस्टर, लोक बघतील."

"बघू दे. डोळे हायती त्यांना."

"पण तुम्ही तर…"

"भंडारा, त्याला ते कुठंतरी ठिवायचं व्हतं. त्यानं माझ्या दारावर ठिवलं. माझं असतं तर मी पुसलं असतं. ज्याचं हाय तो नेईल."

हे मला पटलं नाही. आजही पूर्ण पटलंय असं नाही. मी रोज सकाळी तो शब्द बघायचो आणि हातात घेतलेलं फडकं परत ठेवायचो. त्या मात्र त्याच गाडीनं बाजाराला जायच्या, बँकेत जायच्या, ते दार उघडून उतरायच्या आणि शब्दावर हात ठेवून दार लावायच्या. चाचांनी एकदा मला बाजूला घेतलं. "अरे, बाईकू समझा. वो रोज गाँव को अपना मुँह दिखा री क्या अपना गुन्हा दिखा री, कुछ समझताच नै." मलाही समजत नव्हतं.

पण एक गोष्ट सगळ्यांना समजत होती. बाया गाडीत बसेनाशा झाल्या. उघड कुणी नाही म्हणायचं नाही. "जावयानं जीप सांगितलीय." "माहेरी नेलंय तिला." अशी कारणं यायची. ज्या घरांत दोन-दोन पोरं सिस्टरच्या गादीवरून दवाखान्यात पोचून सुखरूप जन्मली होती, त्या घरांतूनही. पहिल्या खेपेच्या पोरीला तो शब्द वाचून आत बसवायचं कुणाला धाडस होणार? उन्हाळा गेला, पाऊस होऊन गेला, पुन्हा तोडीचे दिवस आले. फाटक जड होतं म्हणून मी होतो, पण फाटक उघडायची वेळच येईना. सिस्टर गाडीचं इंजिन रोज चालू करायच्या, थोडा वेळ आत बसायच्या आणि बंद करून उतरायच्या. मी म्हणायचो, "आता तरी पुसू द्या." त्या म्हणायच्या, "तुझं काम न्हाई ते."

मग एका भर दुपारी तो ट्रॅक्टरवाला स्वतः आला.

मी सुट्टीवर होतो, ओसरीवर होतो. मोटारसायकल फाटकाबाहेर तशीच आडवी टाकून तो आत आला आणि सिस्टरसमोर उभा राहिला. तोंड उघडायचा, मिटायचा. सिस्टर उठल्या, खुंटीवरून किल्ली घेतली. "कोण हाय?"

"बहीण. बाळंतपणाला आलती. कळा लई येतेत. सरकारी गाडीला फोन लावलाय, ती पार केजकडं गेलीय म्हणतेत."

"बस. भंडारा, तू पण."

वस्तीवर पोचलो. बहीण दोघींच्या आधारानं बाहेर आली. तिची सासू पण तिथंच होती, सुनेला बघायला आलेली. तिची नजर दारावर गेली आणि ती सुनेच्या आडवी झाली. "ह्या गाडीत? मी बसू देणार न्हाई. काय लिवलंय बघा की ह्याच्यावर. कुणीतरी सोसलं आसंल म्हणूनच लिवलंय ना?"

सिस्टर स्टिअरिंगवर होत्या. त्यांनी मान वळवली नाही. समोर बघत राहिल्या.

तो मध्ये आला. ऊन डोक्यावर, चेहरा घामानं भिजलेला. "मावशी, म्या लिवलंय ते."

म्हातारी जागची हलली नाही.

"माझी बायको गेलती. म्याच लिवलंय. आता म्याच म्हणतो, बसवा तिला."

म्हातारी बाजूला सरली. मागचं दार मी उघडलं. बहीण गादीवर पडली, तिच्या उशाशी तिची सासू बसली, मी कसाबसा कोपऱ्यात. घाट आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. सिस्टर रस्त्याच्या मधूनच चालवत होत्या, पण त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा वेगात बघितलं. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं, आणि दिवस मावळायच्या आत मुलगा झाला. म्हातारीनं सिस्टरच्या हातात पेढा ठेवला. डोळ्याला डोळा भिडवला नाही, पण ठेवला.

दोन-चार दिवसांनी तो पुन्हा आला. हातात थिनरची बाटली आणि जुनं बनियन. मला म्हणाला, "दादा, पुसायला आलोय."

मी बाटली आधी काढून घेतली. "थिनर लावू नका. लालबरोबर निळा पण सुटेल, खाली पत्रा दिसेल." मग आम्ही गाडी लिंबाच्या सावलीत घेतली. धुतली. दार गार होऊ दिलं. चाचांकडून आणलेलं कंपाउंड, म्हणजे रंगावर घासायची मऊ पेस्ट, मी त्याला कापडावर घेऊन दाखवली. दाबायचं नाही, गोल फिरवायचं, कापड सारखं बदलायचं. एवढ्या महिन्यांत लाल रंग भाजून घट्ट झाला होता. तो घासत होता, मी कापडं देत होतो. त्याचे हात ट्रॅक्टरचे, जोर करायची सवय. दोनदा सांगावं लागलं, हळू. दुपार होत आली तसतसं लाल पुसट झालं, गुलाबी झालं, आणि शेवटी कापडाला काहीच लागेना.

त्यानं दारावर पाणी टाकलं, कोरडं पुसलं आणि मागं सरून बघितलं.

शब्द तिथंच होता.

लाल गेला होता. पण वर्षभराच्या उन्हानं सगळ्या गाडीचा निळा रंग विटला होता, आणि लाल रंगाच्या खाली झाकलेला तेवढा निळा विटला नव्हता. ताजा, गडद, नव्या गाडीसारखा. फिक्या दारावर गडद निळ्या अक्षरांत तेच लिहिलेलं. आधीपेक्षा स्वच्छ, कडा धारदार.

तो खाली बसला. मातीत. "न्हाई जात," म्हणाला. "बघा की. न्हाई जात ते."

मी त्याला सांगायला तोंड उघडलं की ह्याच्यावर इलाज आहे. तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी दार बघितलं. हातानं त्या गडद अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "भंडारा, थांब जरा. पुढचं करायच्या आधी ह्याला एक ऐकू दे."

त्या त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, खाली कधी बसायच्या नाहीत.

"त्या दिवशी घाटात म्या गाडी थांबवली व्हती."

त्यानं मान वर केली.

"तिनं सांगितलं म्हणून. सिस्टर, जरा थांबा म्हणली. खिडकीची काच खाली व्हती, वरून वारं येत व्हतं. म्हणली, लई गार वारं हाय, जरा थांबा. तिच्या अंगाची आग आग व्हत व्हती. म्या थांबवली. तिचा हात धरला. किती वेळ ते मला ठावं न्हाई, म्या घड्याळ बघितलं न्हाई. परत चालू केली तवा ती गेलेली व्हती." सिस्टर थांबल्या. "न थांबता गेले आसते तर पोचले आसते का, हे मला कुणी सांगू शकत न्हाई. डाक्टरला विचारलं, तो म्हणला, तरी न्हाई पोचला आसता. पण तो मला बरं वाटावं म्हणून पण म्हणला आसंल. म्हणून म्या ते पुसलं न्हाई. तू खरं लिवलं का खोटं, मला कळत न्हवतं. आता तुला ठावं हाय. पुसायचं का ठिवायचं, तू बघ. ठिवलंस तरी माझी ना न्हाई."

मी इतकी वर्षं त्या घरात होतो आणि त्यांचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता. थरथरणारा नव्हे. सपाट. हिशेब देऊन मोकळ्या झालेल्या माणसासारखाही नव्हे. ज्याला उत्तर काहीही आलं तरी घ्यायचंच आहे, तशा माणसाचा.

तो बराच वेळ मातीत बोटानं रेघ ओढत राहिला. लिंबाची पानं गाडीच्या टपावर पडत होती. मला वाटलं हा आता उठून जाईल. किंवा ओरडेल.

शेवटी त्यानं विचारलं, "गार व्हतं का खरंच? वारं?"

"व्हतं," सिस्टर म्हणाल्या. "डोळे मिटून घेतले तिनं. हसली पण थोडी."

"घरात तिला लई गरम व्हायचं," तो म्हणाला. "पत्र्याचं घर. पंखा आणतो म्हणून म्या…" त्यानं हातातलं ओलं कापड तोंडाला लावलं, आणि वर्षभर जे त्यानं कुणाच्या दारावर ठेवलं होतं ते तिथं, अंगणात, मोठ्यानं बाहेर आलं. सिस्टरनी त्याला अडवलं नाही. पाणी पण दिलं नाही. नुसत्या बसून राहिल्या.

नंतर तो उठला. नाक पुसलं, नवं कापड घेतलं, कंपाउंडचा डबा उघडला आणि माझ्याकडं बघितलं.

"दादा, हे आता कसं काढायचं?"

मी म्हटलं, "अक्षरांना हात लावू नका. ती चांगली आहेत. बाजूचा विटलेला रंग घासा, अख्खं दार. मग दुसरं दार, मग टप, सगळी गाडी. सगळीकडं हाच निळा वर आला की मग वाचता येणार नाही."

"लई दिवस लागतील."

"लागतील," सिस्टर म्हणाल्या आणि त्यानं हात दिला तो धरून उठल्या. "रोज ये."

त्यानं दाराच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. हळू, गोल, न दाबता.